कोंबडीच्या पोटातलं जातं: खडा कुठला, शिंपला कधी, आणि दोन्ही किती

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, कुठल्याही पशुखाद्याच्या दुकानात ‘ग्रीट द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात येते ती शिंपल्याच्या किंवा चुनखडीच्या पांढऱ्या चुऱ्याची पिशवी. खडीच्या क्रशरवर तोच शब्द उच्चारला तर बांधकामाची जाड कपची दाखवतात. कोंबडीला दाणा दळायला जे लागतं ते मात्र पहिल्या पिशवीत नसतं आणि दुसऱ्या ढिगात असलं तरी फार मोठं असतं. एका शब्दाखाली दोन वेगळी कामं आल्यामुळे घरोघरी हा गोंधळ होतो. शिंपला घातला म्हणजे पचनाची सोय झाली असं समजून लोक निश्चिंत राहतात आणि कोंबड्यांच्या विष्ठेत अख्खी ज्वारी पडत राहते.

हे दोन पदार्थ आधी डोक्यात वेगळे करून घ्यावेत. कठीण दगडाचा खडा पोटात विरघळत नाही, तो दळतो. शिंपला, चुनखडी, अंड्याचं कवच हे पोटातल्या आम्लात विरघळतं आणि त्यातलं कॅल्शियम अंड्याच्या कवचाला जातं. दळणारा खडा पिल्लापासून म्हाताऱ्या कोंबडीपर्यंत कुणालाही चालतो. शिंपला फक्त अंड्यावरच्या कोंबडीचा. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

पेट्यात काय चालतं

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जाऊन भिजतो. तिथून तो एका लहान, मऊ जठरात उतरतो, तिथे आम्ल आणि पाचकरस मिसळतात. मग येतो पेटा. चिकनच्या दुकानात कलेजीसोबत मिळतो तोच, काही जण त्याला पथरी म्हणतात. जाड, लालसर, दोन्ही बाजूंनी फुगीर असा हा स्नायू आतून पिवळ्या, खरखरीत, चिवट अस्तराने मढवलेला असतो. तो मिनिटाला दोन-तीन वेळा आवळतो, आणि आत खडे असतील तर दाणा त्यांच्यामध्ये सापडून भरडला जातो.

जात्याची उपमा इथे तंतोतंत लागू पडते. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की पीठ जाड पडतं, मग त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून घेतात. पेट्यातल्या खड्यांनाही टाकी लागते. कोपरे असलेला खडा दळता दळता झिजतो, गोल-गुळगुळीत होतो, लहान होतो आणि शेवटी विष्ठेवाटे निघून जातो. त्याच्या जागी नवा, कोपऱ्यांचा खडा यावा लागतो. कठीण दगडाचा खडा पेट्यात कित्येक आठवडे, कधी काही महिने टिकतो. म्हणून हा खडा रोजच्या खाद्यासारखा भरभरून द्यायचा पदार्थ नाही. थोडा, पण नियमित.

शिंपला या कामाला का येत नाही हेही यातून कळतं. पेट्यातलं वातावरण बरंच आम्ल असतं. शिंपल्याचा तुकडा त्यात थोड्याच वेळात मऊ पडून विरघळायला लागतो. खडूच्या जात्यावर दळण दळण्यासारखं आहे ते.

कुणाला लागतो, कुणाला लागत नाही

दळलेलं तयार खाद्य, म्हणजे मॅश, क्रंबल किंवा पेलेट यावरच वाढणाऱ्या पक्ष्याला खडा नसला तरी चालतं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विकला जातो आणि त्याचं खाद्य आधीच दळलेलं असतं, त्याच्यासाठी खड्यावर पैसे घालू नयेत. नवापूर भागातल्या पिंजऱ्यातल्या लेयरनाही, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांनाही, मुख्य गरज जाड कणाच्या कॅल्शियमची असते, दळणाऱ्या दगडाची नाही.

खडा लागतो तो अख्खा दाणा, हिरवा चारा, गवत, किडे-मुंग्या खाणाऱ्या पक्ष्याला. आपल्याकडच्या परसातल्या गावरान, गिरिराज, वनराज, कडकनाथ कोंबड्यांचं खाणं हेच असतं: दादर ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, भाकरीचे उरलेले तुकडे, मेथी-कोथिंबिरीचे देठ, ॲझोला, उकिरड्यावरची वाळवी. मोकळ्या कोंबड्या आपले खडे आपण शोधतात हे खरं, पण जमिनीत खडे असतील तरच.

आणि इथे खानदेशात गावागावांत मोठा फरक पडतो. अक्कलकुवा-धडगावकडच्या सातपुड्याच्या उतारांवर, साक्रीच्या माळावर जमीन मुरमाड, खडकाळ आहे. तिथल्या कोंबड्यांना खडा विकत द्यायची गरज सहसा पडत नाही. चोपडा, यावल, रावेर या तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात मात्र गाळाची काळी माती कित्येक फूट खोल आहे आणि तिच्यात कठीण खडा शोधूनही मिळत नाही. मिळतात ते चुनखडीचे पांढरट खडे. ते कोंबडीच्या पोटात शिंपल्यासारखेच विरघळतात. तेव्हा ‘आमच्या कोंबड्या दिवसभर शेतात असतात, त्यांना कशाला खडा?’ असं तापीकाठच्या शेतकऱ्याने म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या अंगणातली मूठभर माती पाण्यात कालवून गाळून पाहावी. तळाला ज्वारीएवढे काळे, करडे, टणक खडे राहिले तर ठीक. राहिले नाहीत तर खडा द्यायला हवा.

शेडमध्ये, भुशावर किंवा जाळीत कोंडलेल्या आणि दाणा खाणाऱ्या पक्ष्यांना तो द्यावाच लागतो. कबुतरं अख्खाच दाणा गिळतात, त्यांना नेहमी लागतो. लाव्यांना लागतो पण मोहरीएवढाच.

दगड कुठला घ्यावा

आपल्या पायाखालचा काळा पाषाण या कामाला उत्तम. कठीण आहे, आम्लात विरघळत नाही, फोडला की कोपऱ्यांचा फुटतो. क्रशरवर जाऊन ‘कच’ मागावा. कच म्हणजे खडी पाडताना उरणारा चुरा, त्यात पिठापासून पाच-सहा मिलिमीटरच्या कपचीपर्यंत सगळं असतं. आपल्याला हवं ते त्यातूनच चाळून निघतं. गारगोटीचा चुराही चांगला.

तापी-गिरणा-पांझरेची जाड वाळू चालते का? चालते, पण तिचे कण पाण्याने घासून आधीच गोलसर झालेले असतात. जातं आहे, टाकी नाही. बांधकामासाठी आणलेल्या वाळूतून चाळून थोडी घेता आली तर अडचणीला वापरावी, मुद्दाम विकत आणू नये.

विटेचे आणि कवेलूचे तुकडे कोंबड्या आवडीने टिपतात. ते घातक नाहीत, पण मऊ असल्याने लवकर झिजतात. पुढच्या वस्तू मात्र कोंबडीजवळ येऊच देऊ नयेत: काचेचा चुरा, फरशी-टाइल्सच्या धारदार कपच्या, जुन्या भिंतीचे रंगाचे पोपडे (जुन्या रंगात शिसं असू शकतं), डांबर लागलेली रस्त्याची खडी आणि सिमेंटचे ओले-सुके गोळे.

दगड विरघळणारा आहे की दळणारा, हे घरीच कळतं. चार खडे बशीत घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर टाकावं. बुडबुडे सुटले, फसफसलं तर तो चुनखडीचा. गप्प राहिला तर दळणारा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालेल, मात्र बुडबुडे बारीक येतात म्हणून उजेडात नीट पाहावं. काळ्या पाषाणात अधूनमधून पांढरे स्फटिक असतात, त्यांतल्या एखाद्यावर फेस आला तर काळजीचं कारण नाही.

खडा तयार करण्याची रीत

पन्नास कोंबड्यांना वर्षभर पुरेल एवढ्या खड्यासाठी अर्धं घमेलं कच भरपूर झाला.

मापाला पट्टी लागत नाही, घरातलं धान्य पुरतं. मोहरी दीड-दोन मिलिमीटरची, बाजरी साधारण दोन ते तीन, ज्वारीचा दाणा चारच्या आसपास, तूर पाच-सहाची. धान्य चाळायच्या ज्या चाळण्या घरात आहेत त्यांतल्या दोन निवडाव्यात. पहिलीतून ज्वारी खाली पडते पण हरभरा वर राहतो. दुसरीतून बाजरी खाली पडते पण ज्वारी वर राहते. तिसरी म्हणून खिडकीच्या मच्छरजाळीचा तुकडा चौकटीला ठोकून घ्यावा.

पहिल्या चाळणीच्या वर जे राहिलं ते फेकायचं, ते कोंबडीला मोठं आहे. पहिलीतून पडून दुसरीवर राहिलेला खडा मोठ्या पक्ष्यांचा. दुसरीतून पडून मच्छरजाळीवर राहिलेला खडा पिल्लांचा आणि तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचा. त्यातला मोहरीएवढा भाग लहान पिल्लांना, बाजरीपासून वरचा तलंगांना. मच्छरजाळीखालचं पीठ बिनकामाचं. चाळताना तोंडाला फडकं बांधावं आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करावी, दगडाची धूळ छातीत बसते.

आता धुणं. बादलीत खडा घालून पाणी ओतावं, हाताने ढवळावं, गढूळ पाणी लगेच ओतून टाकावं. पाणी नितळ दिसेपर्यंत हे चार-पाच वेळा करावं लागतं. धूळ राहिली तर ओल्या हवेत तिचा चिखल होऊन खडा भांड्यात दगडासारखा बसतो, कोंबडी चोच मारून कंटाळते.

क्रशरच्या मालात लोखंडाचे तुकडे, तारा येतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून खड्यातून फिरवावं. इथे एक गोष्ट माहीत हवी: आपल्या काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, त्यामुळे दगडाचे बारीक कणही चुंबकाला चिकटतात. ते पाहून अख्खा माल लोखंडी ठरवू नका. चिकटलेल्या कणांतून तार, खिळ्याचं टोक, पत्र्याची किनार तेवढी वेगळी काढायची. तारेचा सेंटीमीटरभर तुकडाही पेट्याच्या आवळण्याने अस्तरात घुसतो आणि आरपार जाऊ शकतो.

मग कडक उन्हात पूर्ण वाळवावा. कच क्रशरवर उघडा पडलेला असतो, त्यावर कावळे, बगळे, कबुतरं बसतात. नदीकाठच्या वाळूवर तर पाणपक्ष्यांचा वावर असतोच. देशातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये नवापुरातच झाली आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. आपल्या भागाने तरी बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा खुराड्यात न आणण्याची खबरदारी घ्यावीच. वाळलेला खडा लोखंडी कढईत घालून चुलीवर पंधरा-वीस मिनिटं, हात लावता येणार नाही इतका तापवावा, उलथण्याने हलवत राहावं. ओला खडा तापवू नये, आतलं पाणी वाफ होऊन दगड तडकतो आणि कपची डोळ्यात उडते. पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरून वर ‘पिल्लं’ आणि ‘मोठे’ अशी चिठ्ठी लावावी.

किती आणि केव्हापासून

पिल्लांना पहिले चार दिवस खडा अजिबात नको. त्या वयात दाणा कुठला आणि खडा कुठला हे त्यांना कळत नाही, खाद्याऐवजी खड्यानेच पोट भरतात. फक्त क्रंबल चालू असेल तर घाई नाही. भरडा, किडे, हिरवा पाला द्यायच्या आधी एक-दोन दिवस खडा सुरू करावा.

दुसऱ्या आठवड्यापासून मोहरीएवढा खडा, आठवड्यातून एकदा, पिल्लामागे १ ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ७-८ ग्रॅम खडा बसतो, म्हणजे ५० पिल्लांना सात चमचे. खाद्य पोटभर खाऊन झाल्यावर वरून भुरभुरवावा. उपाशी पिल्लांपुढे टाकू नये.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत बाजरी ते ज्वारी या मापाचा, आठवड्यातून एकदा पक्ष्यामागे २ ग्रॅम. नवव्या आठवड्यापासून पुढे ज्वारी ते तूर या मापाचा, महिन्यातून एकदा पक्ष्यामागे ३ ग्रॅम. गावरान पक्षी अंगाने लहान, त्यांना ज्वारीएवढाच ठेवावा. ५० मोठ्या कोंबड्यांचा हिशेब महिन्याला १५० ग्रॅमचा होतो, वर्षाला पावणेदोन किलोच्या आसपास. सांडलवंड धरून तीन-चार किलो खडा तयार ठेवला की वर्षाची बेगमी झाली.

हे माप प्रामुख्याने दळलेलं खाद्य आणि सोबत थोडा दाणा-पाला खाणाऱ्या पक्ष्यांचं आहे. अख्खा दाणा जास्त असेल तर वेगळं भांडं कायम भरून ठेवणं बरं, कोंबडी गरजेपुरतं टिपते. याला एक अपवाद आहे. ज्यांना महिनोन्महिने खडाच मिळालेला नाही, त्या एकदम भांड्यावर तुटून पडतात आणि पेटा ठासून भरतात. अशांना पहिला आठवडा रोज पक्ष्यामागे चिमूटभरच द्यावा, मग भांडं कायम भरून ठेवावं. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपला मिळत नसेल तरी हेच होतं. तिला हवं असतं कॅल्शियम, समोर दिसतो दगड, म्हणून ती दगड खात सुटते. दोन भांडी शेजारी-शेजारी ठेवली की हा प्रकार थांबतो.

खाद्यात मिसळून द्यायचा मोह टाळावा. गरज नसलेल्या पक्ष्यालाही तो गिळावा लागतो, आणि किलोभर खाद्यात दगड गेला तेवढं खाद्य कमी झालं.

भांडं आणि जागा

नारळाची करवंटी, जुन्या खापराचा खोलगट तुकडा, तेलाच्या कॅनचा कापलेला तळ, काहीही चालतं, फक्त लवंडायला नको. पन्नास पक्ष्यांना खड्याची दोन आणि शिंपल्याची दोन भांडी, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, भिंतीला तारेने बांधून. जमिनीवर ठेवलं की उकरून भुसा आणि विष्ठा आत घालतात. पाण्याच्या भांड्यापासून दोन-तीन हात लांब. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या वर जातो तेव्हा उन्हातला काळा खडा तव्यासारखा तापतो, कोंबडी चोच लावत नाही, म्हणून सावली हवीच. पावसाळ्यात वळचणीचं पाणी येणार नाही असं पाहावं आणि आठवड्याला भांडं रिकामं करून पुसावं.

शिंपल्याचा हिशेब

एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ज्वारी, बाजरी, मका यांत कॅल्शियम नाममात्र. घरच्या दाण्यावर असलेली आणि आठवड्याला चार अंडी देणारी कोंबडी कवचावर आठ ग्रॅम कॅल्शियम खर्च करते. खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं असं धरलं तर तिला सोळा ग्रॅम मिळायला हवं. शिंपल्यात वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे आठवड्याला सुमारे ४२ ग्रॅम, दिवसाला ६ ग्रॅम. अशा वीस कोंबड्यांना रोज १२० ग्रॅम. गावरान कोंबडी वर्षातून काही खेपाच अंड्यावर येते, तिला त्या दिवसांत यापेक्षा कमी पुरतं. तयार लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम आधीच असतं, तिथे शिंपला फक्त बाजूला ठेवावा, ज्या कोंबडीला कमी पडेल ती खाईल.

कण दोन ते चार मिलिमीटरचा हवा, पूड नको. कवच तयार व्हायचं काम मुख्यतः रात्री चालतं, तेव्हा कोंबडी काही खात नसते. दुपारनंतर खाल्लेला जाड तुकडा पेट्यात रात्रभर हळूहळू विरघळत राहतो आणि ऐन गरजेच्या वेळी कॅल्शियम देतो. पूड लवकर पुढे निघून जाते. म्हणून शिंपला दुपारी तीन-चारनंतर भरावा.

समुद्राचा शिंपला बिनधुतलेला असेल तर मीठ जास्त असतं, विष्ठा पातळ होते. एकदा गोड्या पाण्यात धुऊन वाळवावा. मार्बलचा चुरा स्वस्त म्हणून घेताना जपावं. काही मार्बल डोलोमाइट जातीचा असतो, त्यात मॅग्नेशियम बरंच असतं आणि त्याने कवच सुधारण्याऐवजी बिघडतं. त्याच्या खड्यावर थंड व्हिनेगर टाकलं तर फेस फार थोडा किंवा उशिरा येतो, चांगल्या चुनखडीवर लगेच येतो. घरातली अंड्याची कवचं दहा मिनिटं उकळून, वाळवून, अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी चुरून दिली तर चालतात. अर्धी कवचं तशीच टाकली की कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात आणि ती खोड मोडणं फार अवघड. पानाचा किंवा रंगाचा चुना हा शिंपल्याला पर्याय नाही, तो तोंड-अन्ननलिका पोळतो.

पिल्लं, तलंगा आणि कोंबडे यांना शिंपला किंवा लेयर खाद्य कायम मिळत राहिलं तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो आणि पक्षी एकाएकी मरतात. तुरा लाल व्हायला लागला, कोंबडी खुराड्याचे कोपरे धुंडाळायला लागली, की शिंपल्याचं भांडं ठेवायची वेळ आली. खडा आणि शिंपला वेगळे ठेवण्याचं हे दुसरं मोठं कारण. मिसळलेलं असेल तर तलंगेला खडा द्यायला जाल आणि शिंपला खाऊ घालाल.

मे महिन्यात कवच पातळ होतं त्यात मात्र दोष शिंपल्याचा नसतो. उन्हाने कोंबडी धापा टाकते, त्यात शरीरातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि कवचाला लागणारा कच्चा माल रक्तात कमी पडतो. तिथे गार पाणी, छतावर ओला बारदान, पहाटे आणि सायंकाळी खाद्य हेच उपाय.

दाण्यासारखं दिसणारं विष

यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून ठासून सांगायला हवं. खड्याच्या शोधात असलेली कोंबडी मातीतला प्रत्येक टणक, गोल कण टिपून पाहते. केळीला, कपाशीला टाकायचं दाणेदार कीटकनाशक नेमकं तसंच दिसतं. फोरेट या अशाच औषधावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी कोठारात जुन्या पिशव्या पडून असतात. कार्बोफ्युरानसारख्या औषधाचे मोजके दाणेही कोंबडी मारायला पुरतात. युरिया, डीएपीचे दाणे, रंग लावलेलं सरकीचं आणि मक्याचं बियाणं हेही याच यादीत. खत किंवा औषध टाकलेल्या वाफ्यात कोंबड्या सोडू नयेत, सांडलेलं लगेच गोळा करावं. अंगणात खड्याचं भांडं भरलेलं असलं की कोंबडीची ही शोधाशोधही बरीच कमी होते.

दळण बिघडलंय हे कसं ओळखावं

संध्याकाळी मूठ-मूठ अख्खी ज्वारी घालावी. सकाळी खुराड्याच्या दांडीखालची विष्ठा काडीने उकलून पाहावी. एखादा दाणा दिसला तर सोडून द्या. प्रत्येक ढिगात अख्खे, न फुटलेले दाणे असतील तर खडा कमी आहे. मात्र विष्ठा पातळ, फेसाळ किंवा रक्तमिश्रित असेल तर कारण जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असू शकतं, खडा देऊन ते बरं होणार नाही, पशुवैद्यकाला नमुना दाखवावा.

गळ्याखालची पिशवीही चाचपावी. रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हे चांगलं लक्षण. सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर ती तुंबली आहे. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण लांब वाळलं गवत, पोत्याची सुतळी, कपाशीचे धागे. खडा पेट्यात असतो, पिशवीत नाही, त्यामुळे तुंबलेल्या कोंबडीला आणखी खडा घालणं चुकीचं. तिला वेगळी ठेवून बारा तास फक्त पाणी द्यावं, पिशवी बोटांनी हलकी चोळावी. उलटी धरून पिळू नये, पाणी श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरते. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर दवाखाना गाठावा.

आणि सगळ्यात खरी तपासणी होते ती घरी कोंबडा कापला जातो तेव्हा. पेटा न धुता आधी हातात घेऊन दाबावा. दळणाऱ्या पक्ष्याचा पेटा घट्ट, जड लागतो आणि दाबल्यावर आत खडे एकमेकांवर करकरतात. मग जाड कडेने उभा चिरून उघडावा. आतलं भरड मऊ चिखलासारखं, मधे मधे काळे खडे, आणि पिवळं अस्तर सलग असेल तर सगळं जागच्या जागी आहे. खडे काढून तळहातावर धुऊन पाहावेत. अजून कोपरे शिल्लक असतील तर घाई नाही. सगळेच मण्यांसारखे गोल झाले असतील तर ताज्या खड्याची वेळ टळून गेली आहे. पेटा लहान, लिबलिबीत, आत नुसती ओली ज्वारी आणि खडा एकही नाही, असं दिसलं तर उरलेल्या कळपाला त्याच दिवसापासून चिमटीने सुरुवात करावी. अस्तरावर काळे चट्टे, चिरा किंवा रुतलेली तार सापडली तर खड्याचा डबा ओतून पुन्हा चुंबक फिरवावं आणि अंगणाचा कोपरान् कोपरा झाडून काढावा.